वृद्धाश्रमात रुळण्यामागचा इतिहास

पुण्यात एखाद्या घरी वृद्धाश्रमाचा विषय निघाला, की बोलणाऱ्यांचा आवाज आजही खाली येतो, आणि या संकोचाची मुळे या संस्थांच्या जन्मातच आहेत. नवी पेठेत ‘निवारा’ या नावाने ओळखली जाणारी संस्था १८६० च्या दशकात मुंबईचे व्यापारी डेव्हिड ससून यांचे नाव घेऊन अनाथ-पंगू गृह म्हणून उभी राहिली. जिथे येणाऱ्यापुढे दुसरा पर्याय रस्त्याचाच होता, तिथे त्याचे मन रमते की नाही, हे कोण विचारणार? ज्याला कुणी नाही त्याने तिथे जायचे, ही समजूत त्या काळापासून पक्की झाली.

पुढे वाडे पाडून फ्लॅट झाले, आणि १९९० नंतर संगणक क्षेत्रातील नोकऱ्यांसाठी कोथरूड-डेक्कनकडची मुले परदेशी गेली, तेव्हा मुले-नातवंडे असलेले, निवृत्तिवेतन घेणारे आणि स्वतःचा फ्लॅट असलेले लोकही पैसे भरून वृद्धाश्रमात येऊ लागले. २००७ च्या केंद्रीय कायद्याने प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० ज्येष्ठांची सोय होईल असे वृद्धाश्रम सुचवले खरे, पण तेही निराधारांसाठीच. या नव्या वर्गाचा विचार त्या कलमात नाही.

या वर्गाची अडचण निवाऱ्याची नाही, दिनक्रमाची आहे. आयुष्यभर रात्री नऊला जेवलेल्या माणसापुढे सातलाच ताट येते. आमटीत गूळ किती, हे स्वयंपाकघर ठरवते. खोलीतल्या जोडीदाराला पंखा सोसत नाही. आणि पन्नास वर्षांच्या संसारातले जे काही सोबत आणता आले, ते एका कपाटात मावते. तक्रार करावी तर ‘हे रुळत नाहीत’ असा शिक्का बसतो, म्हणून पुष्कळ जण गप्प राहतात आणि ते गप्प राहणेच रुळणे समजले जाते, हे मला अधिक गंभीर वाटते.

एलेन लँगर आणि ज्युडिथ रोडिन या मानसशास्त्रज्ञांनी १९७६ मध्ये अमेरिकेतील एका शुश्रूषागृहात केलेला प्रयोग याच मुद्द्यावरचा आहे. एका मजल्यावरील वृद्धांना स्वतःचे निर्णय स्वतः घ्या असे सांगून एक रोपटे सांभाळायला दिले. दुसऱ्या मजल्यावर रोपटी दिली, पण त्यांची निगा परिचारिकांकडे ठेवली. पहिल्या गटातील माणसे अधिक उत्साही आणि मिसळणारी आढळली. प्रयोग लहान होता, आणि पुढील पाहणीतील मृत्यूंच्या आकडेवारीबाबत संशोधकांना नंतर दुरुस्तीही प्रसिद्ध करावी लागली. तरी माणसाचे निर्णय कोण घेतो, हा मूळ प्रश्न त्यामुळे बाद होत नाही.

आपल्याकडे तो प्रश्न प्रवेशाच्या टेबलापाशीच सुरू होतो. अनेक ठिकाणी अर्जावर स्थानिक पालकाची, म्हणजे जबाबदारी घेणाऱ्या जवळच्या माणसाची, सही लागते, वैद्यकीय निर्णयासाठी फोन त्यालाच जातो, आणि आयुष्यभर कचेरी किंवा शाळा चालवलेल्या बाईंच्या रविवारच्या बाहेर जाण्यालाही भाच्याची परवानगी विचारली जाते.