भुशी, सोलनपाडा आणि दर पावसाळ्यातली बंदी

जून संपत आला की मुंबईतल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर दोन गोष्टी एकदमच फिरायला लागतात, एक म्हणजे लोणावळ्याचं भुशी धरण ओव्हरफ्लो झाल्याचा व्हिडिओ आणि दुसरा धरण-धबधब्यांवरच्या बंदीचा आदेश. मग अर्धा ग्रुप म्हणतो बरं झालं, अर्धा म्हणतो प्रत्येक गोष्टीला बंदीच का. हे भांडण दर वर्षी तेच असतं, पण ते आलं कुठून हे फारसं कुणी बोलत नाही.

घाटातली ही धरणं लोकांनी येऊन भिजावं म्हणून बांधलेलीच नाहीत. भुशी झालं रेल्वेच्या वाफेच्या इंजिनांना पाणी हवं होतं म्हणून, वळवण आणि लोणावळ्याचे तलाव खोपोलीच्या वीजघरासाठी, जे १९१५ ला सुरू झालं आणि ज्याची वीज मुंबईच्या गिरण्यांना गेली. मुळशीच्या शेतकऱ्यांनी तिथल्या अशाच वीजधरणाविरुद्ध १९२१ पासून सत्याग्रह केला, तरी जमिनी गेल्याच आणि वीज परत मुंबईलाच आली. १९२६ ला पूर्ण झालेलं भंडारदरा प्रवरेच्या खालच्या शेतीसाठी. त्यामुळे धरण ज्याच्या ताब्यात त्याचं काम पाणी सांभाळायचं, तिथे येणाऱ्या माणसांचं काय करायचं हे कुणाच्याच गळ्यात पडलेलं नव्हतं आणि आजही बऱ्याच ठिकाणी पडलेलं नाही.

२००२ मध्ये मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे पूर्ण झाला आणि लोणावळा सकाळी जाऊन संध्याकाळी परत यायची जागा झाली. गाडी नसलेल्यांना कर्जत लोकल होतीच. मग फोन आणि रील्स आले तशी सोलनपाडा, पाली भुतिवली अशी कर्जत तालुक्यातली छोटी धरणं, जी आधी फक्त आसपासच्या गावांना माहीत होती, ती कल्याण-डोंबिवलीच्या पोरांना पाठ झाली. गर्दी वाढली, बुडण्याच्या बातम्या वाढल्या, आणि प्रशासनाच्या हाताशी जे होतं ते वापरलं गेलं, म्हणजे जमावबंदीचं कलम १४४.

खरा घोळ इथे आहे. हे कलम तातडीच्या प्रसंगासाठी आहे आणि त्याखालचा आदेश साधारणपणे दोन महिन्यांच्या वर चालत नाही. पण पाऊस काही अचानक उद्भवणारी गोष्ट नाही ना, तो दर वर्षी त्याच वेळी येतो. तरी आपण दर जून-जुलैत नवा आदेश काढतो, खोल पाण्यात उतरू नका, सेल्फी नको, दारू नको, काही ठिकाणी एक किलोमीटर अलीकडेच गाड्या थांबवा. कणीस भाजणारी, कांदाभजी तळणारी, कपडे बदलायला ताडपत्रीचा आडोसा करून देणारी जी गावातली माणसं या दोन महिन्यांवर वर्ष काढतात, त्यांचा सीझन एका कागदाने बुडतो. हे मला अजिबात पटत नाही, आणि जीव वाचावेत असं वाटत नाही म्हणून नव्हे, तर फक्त आदेश काढल्याने ते वाचत नाहीत म्हणून.

३० जून २०२४ चा रविवार आठवा. धरण भरल्यावर पाणी जिथून वाहतं त्या भुशीच्या पायऱ्यांवर नाही, धरणाच्या मागे वर जो धबधबा आहे तिथे एक कुटुंब प्रवाहाच्या मधल्या खडकावर अडकलं, एकमेकांना घट्ट धरून उभं होतं, काठावरचे लोक ओरडत होते आणि पाणी वाढतच गेलं. पाच जण गेले, त्यात लहान मुलं होती. अशा ओढ्यात वर डोंगरावर सर आली की खाली बघता बघता पाणी चढतं, तुम्ही उभे असता तिथे तेव्हा पाऊस नसला तरी. पायऱ्यांवर वाहणारं पाणी आणि हा वरचा ओढा यांचा धोका एकसारखा नाही, पण आदेशात सगळं एकाच ओळीत येतं. शोधायला उतरले त्यात लोणावळ्यातलीच गिर्यारोहक मंडळी होती, दोर घेऊन, दर वेळेसारखी.

दुसऱ्याच दिवशी, १ जुलैला, देशात नवा फौजदारी कायदा लागू झाला, त्यामुळे पुणे जिल्ह्यातला नंतरचा आदेश कलम १६३ खाली निघाला. लोक अजून १४४च म्हणतात, आणि फरकही काही नाही, दोन महिन्यांची मर्यादा तीच. संध्याकाळी सहानंतर थांबायचं नाही, ओढ्यात उतरायचं नाही वगैरे. पुढच्याच वर्षी १५ जूनला, परत रविवारीच, मावळातल्या कुंडमळ्याचा इंद्रायणी नदीवरचा जुना लोखंडी पूल गर्दीने कोसळला आणि चार जण गेले. ते धरण नव्हे, पण माणसं तीच, सुट्टीच्या दिवशी पाणी बघायला आलेली.

करायचं काय हे फार अवघड नाही असं मला वाटतं. पायऱ्यांवर माणसं मोजून सोडा, ओढ्याच्या वाटेला दोर आणि माणूस लावा, वर पाऊस वाढला की भोंगा वाजवा, आणि या कामाला गावातलीच पोरं पगारावर घ्या कारण तो ओढा त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळतो. यासाठी पैसा लागतो, जबाबदारी घेणारं एक ऑफिस लागतं, आणि रेल्वे, वनखातं, नगरपालिका या सगळ्यांना एका टेबलावर बसावं लागतं, तिथेच दर वेळी घोडं अडतं. तोवर जुलैच्या सुरुवातीचा आदेश फार तर सप्टेंबर उजाडेपर्यंत पुरतो, आणि पाऊस लांबला की भुशीच्या पायऱ्यांवरून पाणी त्यानंतरही वाहत असतं.