बालमासिकांची मुखपृष्ठं

बालमासिकाचं मुखपृष्ठ म्हणजे मुलांच्या मासिकाचं बाहेरचं पहिलं पान, बोलताना सगळे कव्हरच म्हणतात. मोठ्यांच्या मासिकाच्या कव्हरला एकच गिऱ्हाईक पटवायचं असतं, इथे मात्र दोन असतात, अंक ओढून घेणारं पोर वेगळं आणि पाकीट काढणारे आईबाबा नाहीतर आजोबा वेगळे, आणि या दोघांना एकाच पानावर राजी करणं हीच या कामातली खरी मेख. मुलाला राक्षस हवा असतो आणि आजोबांना संस्कार. यावरचा सगळ्यात जुना आणि हमखास तोडगा म्हणजे पुराणातला राक्षस.

हा तोडगा चांदोबाने मनापासून वापरला. मूळ चंदामामा जुलै १९४७ मध्ये मद्रासहून तेलुगू आणि तमिळमध्ये निघालं, बी. नागी रेड्डी आणि चक्रपाणी यांनी काढलेलं, आणि १९५२ पासून ते मराठीत चांदोबा म्हणून यायला लागलं. एम. टी. व्ही. आचार्य, वड्डादि पापय्या असे कसलेले चित्रकार त्याची कव्हरं रंगवायचे, म्हणजे अक्षरशः ब्रशने पूर्ण पेंटिंग, महाभारतातला एखादा प्रसंग किंवा लोककथेतला राजा, दागिने आणि वस्त्रांच्या चुण्या निगुतीने काढलेल्या. गंमत म्हणजे चांदोबाचं लोकांच्या डोक्यात पक्कं बसलेलं चित्र कव्हरवरचं नाहीच, ते आतलं, खांद्यावर प्रेत आणि हातात तलवार घेऊन चाललेला विक्रम, शंकर म्हणजे के. सी. शिवशंकरन यांनी काढलेला.

कव्हर कसं दिसणार हे बरंचसं अंक विकला कुठे जातो यावर ठरतं, आणि माझ्या मते चित्रकाराच्या आवडीनिवडीपेक्षा हेच कारण मोठं आहे. एसटी स्टँडवर किंवा रेल्वे प्लॅटफॉर्मवरच्या व्हीलरच्या स्टॉलवर अंक एकमेकांवर सरकवून ठेवलेले असतात नाहीतर दोरीला चिमट्याने लटकवलेले, त्यामुळे बऱ्याचदा वरची चार बोटं पट्टीच काय ती दिसते. म्हणून नाव वर, जाड, गोलसर अक्षरात आणि भोवती बॉर्डर. अक्षराचं वळण दर महिन्याला तेच ठेवतात, रंग तेवढा मागच्या चित्राप्रमाणे बदलतात, कारण वाचता न येणारं पोरही ते नाव चित्रासारखं ओळखतं. गाडी सुटायच्या आत निर्णय व्हायचा असतो त्यामुळे स्टॉलवरची कव्हरं जरा ओरडतातच, लाल पिवळा निळा, मोठी डोकी, मोठे डोळे आणि कोपऱ्यात फुटलेल्या चांदणीत 'फ्री'. सोबत स्टिकर, मुखवटा नाहीतर सापशिडी असेल तर अंक प्लास्टिकच्या पिशवीत घालावा लागतो, आणि मग आत चाळून बघताच येत नाही म्हणजे सगळा भार परत कव्हरवरच.

याउलट 'किशोर'. पाठ्यपुस्तकं काढणारी पुण्याची बालभारती हे मासिक काढते, पहिला अंक नोव्हेंबर १९७१ चा. वर्गणी भरून घरी किंवा शाळेत येणाऱ्या अंकाला स्टॉलवर धक्काबुक्की करावी लागत नाही, त्यामुळे त्याच्या कव्हरवर शांत चित्र चालतं, नुसतं झाड, पाऊस, जत्रा, बैलगाडी, भोवती भरपूर मोकळी जागा. कुणी याला सरकारी मिळमिळीतपणा म्हणेल, मला तो त्याचा मोठेपणा वाटतो.

चित्राबद्दल या धंद्यात काही ठोकताळे आहेत. पात्राने शक्यतो वाचणाऱ्याकडे बघावं. प्रसंग अर्धवट पकडावा, फांदी तुटतेय पण पोरगा अजून पडलेला नाही, म्हणजे पुढे काय झालं ते बघायला पान उलटावं लागतं. चित्रातला मुलगा वाचणाऱ्यापेक्षा एखाद दोन वर्षांनी मोठा दाखवावा, कारण मुलांना आपल्याहून लहानांचं काही वाचायला कमीपणा वाटतो. प्राणी असले की वयाचा आणि जातपात-गाव-शहराचा प्रश्नच मिटतो, चंपकमधला चिकू ससा त्यामुळे कुठल्याही भाषेत खपतो. डोळ्यांच्या नियमाला एक मस्त अपवाद टिंकलमध्ये आहे. अनंत पै यांनी १९८० मध्ये सुरू केलेल्या या इंग्रजी मासिकातला शिकारी शंभू वसंत हळबे यांनी असा काढला की हॅटखाली त्याचे डोळे दिसतच नाहीत, तरी तो लांबून ओळखू येतो. मुलींचं म्हणाल तर जुन्या कव्हरांवर त्या बहुतेक बाजूला उभ्या राहून बघताना दिसायच्या, पतंग मुलाच्या हातात आणि फिरकी हिच्या, आता हे बदललंय पण फार सावकाश.

विषय बराचसा कॅलेंडरवर चालतो. जूनला छत्री आणि दप्तर, ऑगस्टला झेंडा, दिवाळी अंकाला किल्ला आणि आकाशकंदील, मे महिन्यात आंबे आणि मामाचा गाव. दरवर्षी तेच, म्हणून मोठ्यांना कंटाळा येतो, पण वाचणारं पोर दोन-चार वर्षांत पुढच्या इयत्तेत आणि पुढच्या मासिकात जातं त्यामुळे त्याला ते नवंच असतं.

छपाईचाही मोठा हात आहे. बऱ्याच मासिकांत आतली पानं एका नाहीतर दोन रंगांत असायची आणि चार रंग फक्त कव्हरला परवडायचे, म्हणून सगळी हौस तिथेच. आजही कव्हरला गुळगुळीत आर्ट पेपर असतो, आणि कव्हरची आतली बाजू आणि शेवटचं पान जाहिरातीला जातं कारण तिथला दर जास्त मिळतो. चित्रं आता बहुतेक कॉम्प्युटरवर होतात, त्यात नवख्या डिझायनरला हमखास फसवणारी गोष्ट म्हणजे स्क्रीनवरचा झगझगीत हिरवा-निळा, ऑफसेटच्या शाईत तो मळकट उतरतो. शिवाय कडेला तीनेक मिलिमीटर कटिंगला सोडावे लागतात, नाहीतर सशाचे कान जातात.

सध्या नवीच अडचण आहे, ऑनलाइन विक्रीत आणि मोबाइलवर कव्हर नखाएवढं दिसतं, म्हणून गर्दीचं जत्रेचं चित्र मागे पडून एकच मोठा चेहरा आणि सपाट रंग अशी कव्हरं वाढलीयत.