एका मेलचे दोन प्रेषक

वेबसाइटवरचा संपर्क फॉर्म भरला, पडद्यावर 'धन्यवाद, तुमचा संदेश मिळाला' असं झळकलं, आणि ज्याच्याकडे तो संदेश जायचा त्याच्या इनबॉक्समध्ये काहीच नाही. स्पॅममध्येही नाही. कोड तपासला तर पीएचपी या प्रोग्रामिंग भाषेच्या मेल फंक्शनने 'ट्रू', म्हणजे 'झालं', असं उत्तर परत केलेलं असतं. मग खापर फुटतं होस्टिंगवर, नाहीतर जीमेलवर.

त्या 'ट्रू'चा अर्थ एवढाच की सर्व्हरवरच्या मेल पाठवणाऱ्या प्रोग्रामने मेल ताब्यात घेतला. पुढे तो पोचला का, याच्याशी त्या उत्तराचा काडीचा संबंध नाही. आणि मेल न पोचण्याचं कारण बहुतेकदा कोडच्या एकाच ओळीत असतं: फॉर्म भरणाऱ्याने दिलेला पत्ता उचलून मेलच्या 'फ्रॉम' हेडरमध्ये, म्हणजे मजकुराच्या वर असणाऱ्या माहितीच्या ओळीत, घातलेला असतो. 'संदेश त्याचा आहे, मग फ्रॉममध्ये पत्ताही त्याचाच हवा' हा युक्तिवाद ऐकायला बिनतोड आहे आणि साफ चुकीचा आहे. मेल त्याने पाठवलेलाच नाही, तुमच्या सर्व्हरने पाठवलाय.

हे नीट कळायला दोन मेल सर्व्हर एकमेकांशी काय बोलतात ते ऐकायला हवं. भाषेचं नाव एसएमटीपी, आणि संभाषण अगदी साध्या मजकुरात चालतं. पाठवणारा सर्व्हर आधी 'एहलो' म्हणून स्वतःचं नाव सांगतो. मग 'मेल फ्रॉम' ही आज्ञा आणि कोनी कंसात एक पत्ता. समोरून २५० हा आकडा आला की पत्ता मान्य. मग 'आरसीपीटी टू' आणि ज्याला मेल द्यायचा त्याचा पत्ता, पुन्हा २५०. मग 'डेटा'. समोरचा ३५४ म्हणतो, म्हणजे पाठव मजकूर. त्यानंतर अख्खा मेल वाहू लागतो: फ्रॉम, टू, सब्जेक्ट, डेट ही हेडर्स, एक रिकामी ओळ, मजकूर आणि सगळ्यात शेवटी नुसतं एक टिंब असलेली ओळ.

इथे प्रेषकाचा पत्ता दोनदा आला. पहिल्यांदा 'मेल फ्रॉम' या आज्ञेत, दुसऱ्यांदा मेलच्या आतल्या 'फ्रॉम' हेडरमध्ये. पहिला म्हणजे पाकिटावरचा पत्ता, दुसरा आतल्या पत्राच्या डोक्यावर लिहिलेलं नाव. आणि पोस्टमन पाकीट वाचतो, पत्र नाही. तंत्राच्या भाषेतही पहिल्याला एन्व्हलप सेंडरच म्हणतात. मेल पोचला नाही तर 'पोचला नाही' हा निरोप या पाकिटावरच्या पत्त्याकडे परत येतो. मेल अंतिम मुक्कामी पोचला की तिथला सर्व्हर हाच पत्ता 'रिटर्न-पाथ' नावाच्या हेडरमध्ये नोंदवून ठेवतो. वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर मात्र येतो तो आतला फ्रॉम. हे दोन पत्ते सारखे असावेत अशी सक्ती एसएमटीपीत कुठेही नाही. १९८२ च्या ऑगस्टमध्ये नियम प्रसिद्ध झाले तेही दोन वेगळ्या दस्तऐवजांत: आरएफसी ८२१ मध्ये वाहतूक, आरएफसी ८२२ मध्ये मेलची मांडणी. दोन्ही पत्ते पाठवणाऱ्याने स्वतःच सांगायचे आणि समोरच्याने ते खरे मानायचे, असा तो भाबडा काळ होता. खोट्या फ्रॉमचे फसवे मेल आजही निघतात ते याच फटीतून.

आता वेबसाइटच्या कोडकडे. पीएचपीच्या मेल फंक्शनला चौथ्या जागी हेडर्स देता येतात, आणि बहुतेक कोड तिथेच थांबतो. पाकिटावर काय लिहायचं ते सांगायची जागा पाचवी आहे: वजाचं चिन्ह, एफ आणि लगेच पत्ता. ती रिकामी ठेवली की मेल प्रोग्राम, ज्या खात्याखाली वेबसाइट चालते त्याचंच नाव पाकिटावर टाकतो. डेबियन किंवा उबंटू या लिनक्स सर्व्हरवर ते 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा', आणि ॲटच्या पुढे त्या यंत्राचं होस्टनेम. म्हणजे पत्रावर तुमच्या कंपनीचं नाव आणि पाकिटावर कुणी न ऐकलेल्या यंत्राचा पत्ता. इतर साधनांचीही आपापली खोड आहे. वर्डप्रेस स्वतःहून 'वर्डप्रेस@तुमचं डोमेन' असा फ्रॉम बनवतं, मग तो मेलबॉक्स अस्तित्वात असो वा नसो. पायथनच्या जँगो या फ्रेमवर्कमध्ये सेटिंग बदललं नाही तर 'वेबमास्टर@लोकलहोस्ट' निघतो, आणि असा पत्ता बाहेरच्या जगात कुणी स्वीकारणार नाही. पीएचपीतून मेल पाठवायच्या पीएचपीमेलर या तयार लायब्ररीमध्ये फ्रॉमसाठी 'सेटफ्रॉम' आणि पाकिटासाठी 'सेंडर' अशी वेगळी सोय आहे.

पाचव्या जागेबद्दल एक सावधगिरी. तिथला मजकूर थेट सर्व्हरच्या कमांड लाइनवर जातो, म्हणून पाहुण्याने टाइप केलेलं काहीही तिथे जाता कामा नये. २०१६ च्या डिसेंबरमध्ये पीएचपीमेलरमध्ये जी गंभीर त्रुटी उघड झाली ती नेमकी हीच होती: प्रेषकाच्या पत्त्यात दडवलेल्या मजकुरातून सर्व्हरवर हवा तो कोड चालवता येत होता. ५.२.२० च्या आधीच्या आवृत्त्या अजून कुठे चालू असतील तर त्या आजच बदला.

दोन पत्त्यांच्या फटीवर उपाय म्हणून पुढे तीन तपासण्या आल्या. एसपीएफ पाकीट तपासते. पाकिटावरच्या डोमेनच्या डीएनएस नोंदीत (डीएनएस म्हणजे इंटरनेटवरच्या नावांची जाहीर नोंदवही) 'आमचे मेल या या आयपी पत्त्यांवरून निघतात' अशी यादी असते. मेल घेऊन आलेला आयपी तिच्यात बसतो का, एवढंच बघायचं. डीकेआयएम पाकिटाकडे बघतही नाही. पाठवणारा सर्व्हर काही हेडर्स आणि मजकूर यांच्यावर गुप्त किल्लीने सही करतो. जोडीची उघड किल्ली डीएनएसमध्ये असते, तिने सही पडताळायची.

या दोघींतही एक भोक राहतंच. भामटा स्वतःच्या डोमेनचं पाकीट वापरेल, स्वतःच्याच डोमेनची सही करेल आणि आत फ्रॉममध्ये बँकेचं नाव लिहील. एसपीएफ पास, डीकेआयएमही पास. तिसरी तपासणी, डीमार्क, इथे प्रश्न विचारते: पास झालेलं डोमेन आणि वाचणाऱ्याला दिसणारं फ्रॉमचं डोमेन यांचा मेळ बसतो का? दोघींपैकी एकीने जरी मेळासकट पास दिला तरी पुरतं. ढिला मेळ असेल तर उपडोमेन चालतं, कडक असेल तर अक्षर न् अक्षर जुळावं लागतं. आणि जमलं नाही तर काय करायचं हे फ्रॉमच्या डोमेनचा मालक ठरवून ठेवतो: काही करू नका, संशयित माना, किंवा सरळ नाकारा.

आता सुरुवातीचा फॉर्म या चाळणीतून काढू. साइट एक्झाम्पल.कॉमवर, होस्टिंगचं यंत्र एक्झाम्पल.नेटचं, आणि फॉर्म भरणाऱ्याचा पत्ता याहूचा. कोडने फ्रॉममध्ये याहूचा पत्ता घातला. पाकिटावर एक्झाम्पल.नेट, तिथला एसपीएफ पास. पण फ्रॉम याहूचा, म्हणून मेळ नाही. याहूची सही तुमच्याकडे असणं शक्यच नाही. डीमार्क नापास. याहूने एप्रिल २०१४ मध्येच आपलं धोरण 'नाकारा' असं केलंय, त्यामुळे हे धोरण पाळणारा सर्व्हर तो मेल दारातूनच परत पाठवतो. चाचणी करताना प्रोग्रामर स्वतःच्याच डोमेनचा पत्ता टाकतो आणि त्या डोमेनचं धोरण 'नाकारा' नसेल तर मेल पोचतो. बिघाड दिसतो तो खरा पाहुणा आल्यावर.

दुरुस्ती छोटी आहे. फ्रॉममध्ये नेहमी तुमच्या डोमेनचा पत्ता. पाकिटावरही तुमचंच डोमेन. पाहुण्याचा पत्ता 'रिप्लाय-टू'मध्ये. 'उत्तर द्या' दाबलं की मेल बरोबर त्याच्याकडेच जातो. इनबॉक्सच्या यादीत कोण लिहितंय ते कळावं असं वाटत असेल तर फ्रॉमच्या नावाच्या भागात 'अमुक, संकेतस्थळावरून' असं लिहा, मात्र ते अवतरणचिन्हांत ठेवा. नाहीतर स्वल्पविराम दोन पत्ते वेगळे करतो असं समजून प्रोग्राम नावाचे दोन तुकडे करतो. डीएनएसमध्येही एक हमखास चूक होते: नवी मेल सेवा घेतली की जुन्या एसपीएफ नोंदीशेजारी दुसरी टाकली जाते. एका डोमेनला एकच एसपीएफ नोंद चालते. दोन असल्या की तपासणीचा निकाल कायमची त्रुटी. एका नोंदीतून होणाऱ्या डीएनएस चौकश्या दहाच्या वर गेल्या तरी तेच.

फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू यांनी मोठ्या प्रमाणावर मेल पाठवणाऱ्यांना तिन्ही गोष्टी सक्तीच्या केल्या. गूगलची मर्यादा आहे दिवसाला जीमेलच्या पत्त्यांवर ५००० मेल. तेव्हापासून 'शंभर टक्के इनबॉक्स'चे तोडगे विकणाऱ्यांचं पेव फुटलंय. मेलची तातडी सांगणारं एक्स-प्रायॉरिटी हेडर टाका, मेल कुठल्या प्रोग्रामने बनवला ते सांगणाऱ्या एक्स-मेलरमध्ये आउटलुक लिहा, असले गंडेदोरे त्यात सर्रास असतात. असल्या हेडर्सवरून एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क काहीच ठरवत नाहीत. उलट आउटलुकने न बनवलेल्या मेलवर आउटलुकचं नाव हा स्पॅम फिल्टरला फुकटचा पुरावा. आणि तिन्ही तपासण्या पास झाल्या म्हणजे इनबॉक्स मिळालाच असंही नाही. त्या फक्त पाठवणारा कोण ते सांगतात, तो भला आहे असं नाही.

निदान अंदाजाने करू नका. मेल पोचला असेल, अगदी स्पॅममध्ये का होईना, तर जीमेलमध्ये तो उघडून 'मूळ दाखवा' निवडा. 'ऑथेंटिकेशन-रिझल्ट्स' या हेडरमध्ये तीन गोष्टी शेजारी शेजारी दिसतील: एसपीएफचा निकाल आणि पाकिटावरचं डोमेन, डीकेआयएमचा निकाल आणि सहीचं डोमेन, डीमार्कचा निकाल आणि फ्रॉमचं डोमेन. तिसरं डोमेन पहिल्या दोनांपैकी एकाशी जुळतं का ते बघा. प्रवास बघायचा तर 'रिसीव्ह्ड' हेडर्स खालून वर वाचा, कारण प्रत्येक सर्व्हर आपली नोंद सगळ्यात वर चिकटवतो.

हेडर्स हाताने जोडत असाल तर खड्डे आणखी आहेत. दोन हेडर्सच्या मध्ये कॅरेज रिटर्न आणि लाइन फीड ही नवी ओळ सुरू करणाऱ्या दोन अदृश्य अक्षरांची जोडी लागते. पीएचपीत ती एकेरी अवतरणात लिहिली तर बॅकस्लॅश-आर, बॅकस्लॅश-एन अशी अक्षरंच मेलमध्ये उमटतात आणि सगळी हेडर्स एका ओळीत चिकटतात. दुहेरी अवतरणच हवं. चुकून रिकामी ओळ गेली तर तिथून पुढची हेडर्स मजकूर म्हणून दिसू लागतात. याच ओळींचा गैरफायदा स्पॅमर घेतात: फॉर्ममधल्या नावाच्या रकान्यात नवी ओळ घालून पुढे 'बीसीसी' आणि शेकडो पत्ते. पाहुण्याकडून आलेली जी जी गोष्ट हेडरमध्ये जाणार तिच्यात कॅरेज रिटर्न किंवा लाइन फीड सापडलं तर फॉर्म नाकारा. पीएचपी ७.२ पासून हेडर्स ॲरे म्हणून, म्हणजे सुट्या नोंदींची यादी म्हणून, देता येतात, ती सवय बरी.

मराठी विषयओळीचं गणित तर बघण्यासारखं आहे. एसएमटीपीची जुनी हेडर्स फक्त आस्की, म्हणजे साधी इंग्रजी, अक्षरं जाणतात, म्हणून विषय बेस-६४ मध्ये (कुठलाही मजकूर साध्या अक्षरांत बदलून लिहायची पद्धत) गुंडाळून पाठवतात आणि असा एक तुकडा ७५ अक्षरांपेक्षा लांब चालत नाही. सुरुवातीची आणि शेवटची खूण १२ अक्षरं खाते, उरतात ६३. बेस-६४ चार-चारच्या गटांत चालतं, म्हणजे कामाची ६०, त्यात मावतात ४५ बाइट. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, काना-मात्रा-हलन्त धरून, ३ बाइट घेतं. 'तुमची नोंदणी पूर्ण झाली' यात २० चिन्हं आणि ३ मोकळ्या जागा, एकूण ६३ बाइट. म्हणजे दोन तुकडे आलेच. कोडने डोळे मिटून ४५ व्या बाइटनंतर कापलं तर कात्री पडते 'पूर्ण'मधल्या हलन्ताच्या पोटात. काही प्रोग्राम तुकडे आधी जोडून मग उलगडतात, त्यांच्यात विषय ठीक दिसतो. इतरांत तिथे प्रश्नचिन्हाचा चौकोन. हे काम पीएचपीच्या एमबी-एन्कोड-माइमहेडरवर सोपवा. पीएचपीमेलर वापरत असाल तर 'कॅरसेट' यूटीएफ-८ करा. मूळ सेटिंग आयएसओ-८८५९-१ आहे आणि त्यात मराठीची लक्तरं होतात.

मेल अजिबात पोचत नसेल तेव्हा उत्तर पाकिटावरच्या पत्त्याकडे परत आलेल्या निरोपात असतं, म्हणून तो मेलबॉक्स खरा हवा आणि कुणीतरी उघडायला हवा. ४ ने सुरू होणारा आकडा म्हणजे तात्पुरती अडचण, सर्व्हर आपणहून पुन्हा प्रयत्न करेल. ५ ने सुरू झाला तर कोड किंवा डीएनएस बदलल्याशिवाय पुन्हा पाठवण्यात अर्थ नाही. ५३५ असेल तर लॉगिन किंवा पासवर्ड चुकला. ५५३ बऱ्याचदा सांगतो की ज्या खात्याने लॉगिन केलं त्याला तो प्रेषक पत्ता वापरायची परवानगी नाही. ५५० सोबत ५.७.२६ आलं तर जीमेलला मेलची ओळख पटलेली नाही. तेव्हा आधी फ्रॉमचं डोमेन बघायचं, मग पाकिटाचं, मग सहीचं.