कंपवात, स्टेम सेल आणि लटक्या शस्त्रक्रियेचा वाद

कंपवातावरच्या (पार्किन्सन्सवरच्या) स्टेम सेल उपचारांची, म्हणजे निरनिराळ्या प्रकारच्या पेशींत बदलू शकणाऱ्या मूळ पेशी वापरण्याची, चर्चा एप्रिल २०२५ पासून पुन्हा जोरात आहे. त्या महिन्यात दोन छोट्या चाचण्यांचे निष्कर्ष एकदमच प्रसिद्ध झाले. एक क्योतोतली, ७ रुग्णांची. दुसरी अमेरिका-कॅनडातली, १२ जणांची. स्टेम सेलपासून वाढवलेल्या, पुढे डोपामिन (हालचालींवर ताबा ठेवणारं, कंपवातात कमी पडणारं मेंदूतलं रसायन) तयार करू शकतील अशा कोवळ्या पेशी या रुग्णांच्या मेंदूत सोडल्या होत्या. पेशींमुळे गंभीर अपाय दिसला नाही, काहींच्या हालचालीही सुधारल्या. मात्र दोन्हीकडे तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. हे संशोधन पूर्वी एकदा नेमकं इथेच अडखळलं होतं.

प्रौढ मेंदूत नवी पेशी जन्मत नाही, हे मत विसाव्या शतकात बराच काळ पक्कं होतं. १९६०च्या दशकात उंदरांवरच्या प्रयोगांनी त्याला धक्का दिला, पण फारसं कोणी मनावर घेतलं नाही. १९९२ मध्ये प्रौढ उंदराच्या मेंदूतून स्टेम सेल वेगळ्या काढून प्रयोगशाळेत वाढवल्या गेल्या, तेव्हा कुठे चित्र पालटलं.

शल्यविशारद मात्र थांबले नव्हते. १९८२ मध्ये स्टॉकहोममध्ये रुग्णाच्याच अधिवृक्क ग्रंथीचा (मूत्रपिंडावरच्या, डोपामिनही बनवणाऱ्या ग्रंथीचा) तुकडा त्याच्या मेंदूत बसवून पाहिला गेला. १९८७ मध्ये मेक्सिकोतून दोन रुग्णांच्या थक्क करणाऱ्या सुधारणेची बातमी आली आणि पाठोपाठ शेकडो शस्त्रक्रिया झाल्या. दोन-तीन वर्षांत त्यातला फोलपणा कळला. त्याच सुमारास स्वीडनमधल्या लुंडमध्ये गर्भपातातून मिळालेल्या भ्रूणाच्या मेंदूपेशी वापरायला सुरुवात झाली. तिथल्या काही रुग्णांना खरोखर वर्षानुवर्षं फायदा झाला. पण आधीचा अनुभव ताजा असताना, नुसत्या रुग्णकथांवर विसंबायचं कसं?

यातून अमेरिकेत जो निर्णय झाला, त्यावरून आजही वाद होतो. ४० रुग्ण निवडले. २० जणांना भ्रूणाच्या मेंदूपेशी दिल्या. उरलेल्या २० जणांच्या कवटीला तशीच भोकं पाडली, पण मेंदूवरचं आवरण भेदलं नाही, आत काहीच सोडलं नाही. हीच ती लटकी शस्त्रक्रिया. आपण कोणत्या गटात आहोत हे वर्षभर रुग्णाला ठाऊक नव्हतं. आजारी माणसाचं डोकं विनाकारण भोसकायचं, हे वैद्यकीच्या कोणत्या नीतीत बसतं, असा टीकाकारांचा सवाल होता. सवाल रास्तच होता. रुग्णांनी समजून-उमजून संमती दिली होती आणि पुढे खरी शस्त्रक्रिया करून घेण्याची मुभाही होती, तरी तो बोचतो.

तरीही निर्णय योग्यच होता, असं माझं ठाम मत आहे. २००१ मध्ये निष्कर्ष आले. रुग्णांनी स्वतः केलेल्या मूल्यमापनात दोन्ही गटांत ठळक फरक नव्हता. साठीपर्यंतच्या रुग्णांच्या हालचालींत थोडी सुधारणा दिसली. पेशी दिलेल्यांपैकी १५ टक्के जणांना पुढे अनावर झटके-हालचाली सुरू झाल्या, औषध कमी करूनही त्या थांबल्या नाहीत. त्याहून बोलका अभ्यास २००४ मध्ये आला. ‘मला पेशी मिळाल्या’ असं ज्यांना वाटत होतं त्यांनी आपलं जगणं सुधारल्याचं सांगितलं, मग प्रत्यक्षात मिळाल्या असोत वा नसोत. तपासणाऱ्यांच्या नोंदीही त्या समजुतीकडेच झुकल्या होत्या. लटकी शस्त्रक्रिया नसती, तर हीच आशा उपचाराच्या खात्यावर जमा झाली असती आणि आणखी हजारोंच्या कवट्या उघडल्या गेल्या असत्या.

या निकालानंतर भ्रूणपेशींचा जोर ओसरला. २००६-०७ मध्ये क्योतोत साध्या त्वचापेशींपासून स्टेम सेल बनवण्याची युक्ती सापडली आणि पेशी मिळवण्याचा प्रश्न बराचसा सुटला. धोका मात्र टळला नव्हता. मॉस्कोत भ्रूणाच्या चेतापेशींची इंजेक्शनं घेतलेल्या एका इस्रायली मुलाच्या मेंदूत आणि मज्जारज्जूत गाठी वाढल्या. त्या दात्याच्या पेशींपासूनच झाल्या होत्या, हे २००९ मध्ये प्रसिद्ध झालं.

आता अमेरिकेत सुमारे १०० रुग्णांची मोठी चाचणी सुरू झाली आहे आणि तिच्यातही एका गटावर लटकी शस्त्रक्रिया होणार आहे. जपानमध्ये उलट, त्या ७ जणांच्या माहितीवर ऑगस्ट २०२५ मध्ये विक्रीच्या परवानगीचा अर्ज दाखल झाला. आपल्याकडे २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार कंपवातासारख्या आजारावर स्टेम सेल मंजूर चाचणीबाहेर देता येत नाहीत. मुंबई-पुण्यात कुणी लाखांचं पॅकेज पुढे केलं, तर आधी चाचणीचा नोंदणी क्रमांक मागावा.