सिबिल फुकट कधीपासून झालं?

"कितला शे रे तुना सिबिल?" (किती आहे रे तुझं सिबिल?) हा प्रश्न आता अमळनेरच्या चहाच्या टपरीवरही ऐकू येतो. सिबिल म्हणजे आपण कर्ज कसं फेडतो त्यावरून ठरणारा पतीचा आकडा. ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये तर मॉडेल ठरण्याआधीच पॅन कार्ड मागतात. वीस वर्षांपूर्वी हा शब्द इकडे कुणाच्या कानावरही नव्हता.

त्याआधी पत ठरायची ती गावात. १९०४ च्या कायद्याने सहकारी पतपुरवठा सुरू झाला आणि पुढे गावोगावच्या सोसायट्यांत सचिवाची वही हाच शेवटचा शब्द झाला. थकबाकीदार कोण, हे यादी चावडीवर लागण्याआधीच सगळ्यांना माहीत असायचं. ती पत बघायला पैसे लागत नव्हते, पण चुकीची असली तर दुरुस्तही होत नव्हती.

सिबिल नावाची कंपनी २००० साली स्थापन झाली आणि २००४ पासून बँकांना व्यक्तींच्या कर्जांची माहिती पुरवू लागली. ३०० ते ९०० चा आकडा बँकांच्या हाती आला २००७ मध्ये. ज्याचा तो आकडा, त्याला मात्र तो २०११ पर्यंत बघता येत नव्हता. म्हणजे चार वर्षं शिक्षकाला निकाल ठाऊक, विद्यार्थ्याला नाही. आणि मिळू लागला तोही विकत. नुसत्या अहवालाला, म्हणजे आपल्या कर्जांच्या नोंदींच्या उताऱ्याला, नियमाने १०० रुपयांची मर्यादा होती, स्कोअर जोडून घेतला की रक्कम चारशे-पाचशेच्या घरात जायची.

खरा गुंता त्या नावातच आहे. सिबिल हे एका कंपनीचं नाव, पण आपल्याकडे ते स्कोअरचंच नाव होऊन बसलं. वनस्पती तुपाला जसं आपण सरसकट डालडा म्हणतो, तसंच. देशात अशा कंपन्या चार आहेत: सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. चौघींच्या वह्या वेगळ्या, हिशोबाची रीत वेगळी. त्यामुळे एकाच माणसाचा आकडा एकीकडे ७४०, दुसरीकडे ७०५ येऊ शकतो आणि दोन्ही खरे असतात. क्रिफ हाय मार्कची सुरुवातच मुळी मायक्रोफायनान्सच्या, म्हणजे बचतगटांसारख्या छोट्या कर्जांच्या, नोंदींपासून झाली. पूर्वी बँका एखाद्याच कंपनीला माहिती देत. चारही कंपन्यांचं सभासदत्व त्यांना सक्तीचं झालं २०१५ मध्ये. त्याआधीच्या जुन्या कर्जाची नोंद एका वहीत सापडावी आणि दुसरीत नसावी, यात नवल नाही. "सिबिल चांगलं असून कर्ज नाकारलं" अशी तक्रार करणाऱ्याने बँकेने नेमकी कोणती वही उघडली हे आधी विचारावं. हे फारसं कुणी विचारत नाही, आणि बँकेतलेही आपणहून सांगत नाहीत.

मोफतचा निर्णय या चौघींनाही लागू आहे. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१६ मध्ये आदेश काढला आणि १ जानेवारी २०१७ पासून प्रत्येक कंपनीने दर कॅलेंडर वर्षात एक पूर्ण अहवाल फुकट द्यायचा ठरलं. म्हणजे वर्षाला चार. माझ्या मते त्या आदेशातला महत्त्वाचा शब्द 'फुकट' नसून 'पूर्ण' हा आहे: बँकेला जितका तपशील दिसतो, तितकाच आपल्याला दिसला पाहिजे. कंपन्यांच्या संकेतस्थळांवर मात्र पैसे भरायच्या योजना ठळक आणि फुकटची वाट बारीक अक्षरात, हे आजही बघायला मिळतं. पॅन, जन्मतारीख आणि मोबाईलवरचा ओटीपी एवढ्यावर होणाऱ्या कामाला तालुक्याच्या ठिकाणी सातबाऱ्याच्या प्रिंटसारखे पैसे मोजले जातात. काही ॲपही आकडा फुकट दाखवतात; बदल्यात कर्जाच्या ऑफरचे फोन सोसावे लागतात. स्वतःचा स्कोअर स्वतः कितीदाही बघितला तरी तो घसरत नाही. घसरतो तो एकामागून एक कर्जाचे अर्ज टाकले की.

खान्देशात हा विषय तापला तो कर्जमाफीनंतर. २०१७ च्या योजनेत दीड लाखापर्यंत आणि २०१९ च्या योजनेत दोन लाखांपर्यंत माफी मिळाली. गावच्या भाषेत खातं 'निल' झालं. अहवालात मात्र 'क्लोज्ड' वेगळं, 'सेटल्ड' वेगळं आणि 'रिटन ऑफ' त्याहून वेगळं. क्लोज्ड म्हणजे पूर्ण फेडलेलं, सेटल्ड म्हणजे तडजोडीने कमी रकमेत मिटवलेलं. रिटन ऑफ म्हणजे बँकेने आपल्या ताळेबंदातून काढलेलं कर्ज. ते माफ झालेलं नसतं. हातात बेबाकी (काही देणं उरलं नसल्याचा) दाखला आणि अहवालात 'सेटल्ड' असा माणूस दुचाकीच्या कर्जाला जातो, तेव्हा त्याला हा फरक पहिल्यांदा कळतो. शेजाऱ्याला जामीन राहिलेल्याचंही तेच: ते कर्ज आपल्याही अहवालात दिसतं. पीककर्जाला सिबिल मागू नका, असं राज्य सरकार बँकांना वारंवार बजावतं. तरी शाखेत प्रिंट मागितल्याच्या तक्रारी काही थांबलेल्या नाहीत.

ज्याने कधी कर्जच घेतलं नाही त्याच्या अहवालावर पूर्वी 'उणे एक' यायचं आणि पोरं घाबरायची. त्याचा अर्थ इतिहास नाही, एवढाच. केवळ त्या कारणावरून पहिलं कर्ज नाकारू नये, असं केंद्र सरकारने २०२५ मध्ये संसदेत स्पष्ट केलं.

चुकीच्या नोंदीचं मात्र आता बरं झालंय. तक्रार ३० दिवसांत निकाली निघाली नाही, तर २६ एप्रिल २०२४ पासून पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते. १ जानेवारी २०२५ पासून बँकांना माहितीही महिन्याऐवजी पंधरवड्याला पाठवणं सक्तीचं झालं. तक्रारीसोबत बेबाकी दाखल्याची प्रत जोडायची. मूळ कागद कुणालाच द्यायचा नाही.