लेहला उतरलेलं पहिलं विमान

लेहला विमानानं गेलं की पहिले दोन दिवस गुमान पडून राहायचं, हे आता मुंबई-पुण्याच्या सहलवाल्यांनाही पाठ झालंय. हवाच विरळ. 24 मे 1948 ला तिथं पहिलं विमान उतरलं, तेव्हा काश्मीरची लढाई चालू होती, पाकिस्तानी हल्लेखोर लेहच्या रोखानं सरकत होते आणि गावात मूठभर शिपाई होते. विमान डाकोटा, दोन पंख्यांचं. हिमालयाची रांग त्यानं ओलांडली ती 23 हजार फुटांच्या आसपास उंचीवरून, आणि आतली हवा दाबाखाली ठेवायची सोय त्यात नव्हती. सोनम नोर्बू या लडाखी अभियंत्यानं सिंधूकाठी धावपट्टी तयार करून ठेवली होती, पण ती डाकोटाला पेलेल का, हे उतरल्याशिवाय कळणार नव्हतं. काश्मीर खोऱ्यातल्या भारतीय फौजेचे प्रमुख जनरल थिमय्या स्वतः सोबत येणार असतील तर नेतो, असं वैमानिकानं म्हटलं. थिमय्या बसले.

वैमानिक होते एअर कमोडोर मेहर सिंग, हवाई दलात सगळ्यांचे ‘बाबा’. जन्म 1915 चा, लायलपूरचा. इंग्लंडमध्ये क्रॅनवेलच्या हवाई दल कॉलेजात शिकून 1936 मध्ये कमिशन, मग वायव्य सरहद्दीवर वापिती ही दुपंखी विमानं. ब्रह्मदेशच्या आघाडीवर 6 नंबरच्या स्क्वाड्रनचे ते प्रमुख. हरिकेन घेऊन शत्रूच्या ठाण्यांचे फोटो काढून आणायचे, हे त्यांचं काम. त्याबद्दल 1944 मध्ये डीएसओ हे ब्रिटिश लष्करी पदक मिळालं. दुसऱ्या महायुद्धात हे पदक मिळालेले भारतीय हवाई दलातले ते एकटेच.

लेहची गोष्ट सगळे सांगतात, पण माझ्या मते पूंछचं काम त्याहून अवघड. जम्मू-काश्मीरमधलं हे गाव हल्लेखोरांनी वेढलेलं, आत सुमारे 40 हजार निर्वासित अडकलेले. त्यातल्याच लोकांनी खपून परेड ग्राउंडवर पट्टी तयार केली, लांबी जेमतेम 600 यार्ड. भोवती डोंगर, डोंगरात शत्रूच्या तोफा. तोफेला तोफेनंच उत्तर द्यायला हवं होतं, म्हणून बाबा रात्री तोफा घेऊन उतरले. पट्टीवर उजेड होता तेलाच्या दिव्यांचा. याच डाकोटांच्या दारातून हातानं बॉम्ब ढकलायचा उद्योगही त्यांनी केला. विमान मालवाहू, पण विचारतो कोण?

लढाई चालू असतानाच, 1948 मध्ये, त्यांनी हवाई दल सोडलं. महावीरचक्र नंतर मिळालं. मार्च 1952 मध्ये जम्मूहून दिल्लीकडे रात्री एक छोटं बोनान्झा विमान ते नेत होते. वाटेत वादळानं गाठलं आणि त्यात ते गेले. वय 36.