पुरीमची शालेय तयारी

ज्यू धर्मीयांच्या पुरीम सणाआधी ज्यू डे-स्कूलमध्ये चालणारी तयारी. धर्मशिक्षण आणि गणित-विज्ञानासारखे नेहमीचे विषय एकत्र शिकवणाऱ्या पूर्णवेळ शाळांना डे-स्कूल म्हणतात. त्यांचा मोठा पसारा उत्तर अमेरिकेत आहे. न्यूयॉर्कची रामाझ शाळा १९३७ पासून चालू आहे.

पुरीम हिब्रू पंचांगातल्या अदार महिन्याच्या १४ तारखेला येतो. अधिक महिना असलेल्या वर्षी दोन अदार येतात आणि सण दुसऱ्या अदारात होतो. वेळापत्रक आखणाऱ्यांना एक सोय अशी, की आजच्या पंचांगाच्या नियमांमुळे पुरीम शनिवारी, सोमवारी किंवा बुधवारी कधीच येत नाही. शुक्रवारी आला तर मात्र सणाचे जेवण शब्बाथ, म्हणजे शुक्रवारी सूर्यास्ताला सुरू होणारा साप्ताहिक विश्रांतीचा दिवस, लागण्याआधी उरकायचे असल्याने सगळीच घाई होते.

सणाचा आधार हिब्रू बायबलमधला एस्तेरचा ग्रंथ, म्हणजे मगिल्ला. पारसिक सम्राट अहश्वेरोशाचा मंत्री हामान याने ज्यूंच्या कत्तलीचा दिवस चिठ्ठ्या टाकून ठरवला आणि राणी एस्तेर व तिचा आप्त मोर्दखय यांनी तो बेत उधळला, अशी ही कथा. तिच्यात ईश्वराचे नाव एकदाही येत नाही, आणि वरच्या वर्गांत यावर बराच वाद रंगतो.

या दिवशी चार गोष्टी करायच्या असतात: रात्री व सकाळी मगिल्लाचे वाचन ऐकणे, किमान एका व्यक्तीला दोन खाद्यपदार्थ पाठवणे, किमान दोन गरजूंना दान देणे आणि मेजवानी. शाळेतली तयारी याच चार गोष्टींभोवती फिरते. मगिल्लाची स्वतंत्र चाल आहे आणि मोठी मुले ती आठवडेच्या आठवडे घोटतात. हामानाच्या दहा मुलांची नावे एका श्वासात म्हणण्याचा प्रघात असल्याने त्या ओळींचा सराव सर्वांत आवडता. हामानाचे नाव पन्नासहून अधिक वेळा येते आणि दर वेळी खुळखुळे वाजवून, पाय आपटून ते बुडवायचे असते. अडचण अशी, की प्रत्येक शब्द ऐकू आला तरच वाचन ऐकल्याचे मानतात. म्हणून गोंगाट कधी थांबवायचा याच्या खुणा आधी ठरवून ठेवाव्या लागतात. काही शाळांत खुळखुळ्यांऐवजी कोरड्या मॅकरोनीची बंद खोकी वाजवतात आणि नंतर ती अन्नदान केंद्राला देतात. एकाच खोक्यात दोन कर्तव्ये बसवणारी ही युक्ती दाद देण्यासारखी आहे.

खाऊच्या पाकिटांचे काम बहुधा पालक मंडळाकडे असते. कोणाला कोणाकडून पाकीट जाणार याच्या याद्या करायच्या, पदार्थ कोशर, म्हणजे ज्यू आहारनियमांत बसणारे, आहेत ना हे पाहायचे, अ‍ॅलर्जीमुळे दाणे-बदाम टाळायचे. शाळेसाठी निधीही अनेकदा यातूनच उभा राहतो. खसखस किंवा जॅम भरलेली त्रिकोणी हामानताशन बिस्किटे हवीतच. पुढे महिनाभरात वल्हांडण सण येतो आणि तेव्हा घरात खमिराचे काही ठेवायचे नसते, त्यामुळे आलेला खाऊ त्याआधी संपवणे हेही एक कामच.

अदार लागताच आनंद वाढवावा, असे तालमूद हा ज्यू धर्मशास्त्राचा ग्रंथ सांगतो. म्हणून शाळेत कधी पायजमा दिन, कधी विद्यार्थीच मुख्याध्यापक, कधी शिक्षकांची नक्कल करणारे प्रहसन. या नकलांच्या संहिता आधी वाचून घेणे शहाणपणाचे ठरते. पुरीमच्या दिवशी मोठ्यांच्या मद्यपानाला याच तालमूदमधल्या वचनाचा आधार दिला जातो. ती सूट विद्यार्थ्यांना नाही, हे माध्यमिक शाळांना पालकांना बजावून सांगावे लागते.

कोकणातल्या बेने इस्रायल या मराठीभाषक ज्यू समाजात पुरीमला ‘होळीचा सण’ म्हणत. दोन्ही सण पौर्णिमेच्या आसपास येतात, बऱ्याच वर्षी एकाच सुमारास: २०२४ मध्ये पुरीम २४ मार्चला होता आणि त्याच संध्याकाळी होळी पेटली. याच समाजाच्या हाईम सॅम्युएल केहीमकर यांनी १८७५ मध्ये मुंबईत बेने इस्रायल मुलांसाठी शाळा काढली. तीच पुढे माझगावची सर एली कदूरी शाळा म्हणून ओळखली जाऊ लागली. समाजातले बहुतेक लोक इस्रायलला गेल्यानंतर या शाळेतले विद्यार्थी आता प्रामुख्याने ज्यूतर आहेत.